मुकादमची दुपारची साखर

"एका बोक्याचा तक्ता भरायचा, त्याची मला कसली शिकवणी देतेस?" काका म्हणाले. "उभा जन्म ट्रकांची वजनं लिहिण्यात गेला माझा. एका आकड्याची चूक दाखव, मिशी उतरवून देतो."

काकू बॅग भरत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ट्रक ओरबाडत नाहीत."

काकूंचं चुकत नव्हतं, पण बढाई मारण्याचा काकांनाही हक्क होता. सिमेंटच्या कारखान्याच्या फाटकाशी वजनकाटा असतो, त्याच्या खिडकीमागे त्यांनी आपली सगळी नोकरी काढली होती. रिकामी गाडी आत जाताना तोलायची, भरलेली बाहेर पडताना तोलायची, वजाबाकी करायची आणि लिहायचं. ड्रायव्हर लोक कायम घाईत. "साहेब, नेहमीचाच माल आहे, अंदाजाने टाका की," म्हणून गळ घालायचे. काका ढिम्म हलायचे नाहीत. काट्यावर गाडी नाही तर कागदावर आकडा नाही, हा त्यांचा बाणा होता आणि निवृत्त होताना तो ते घरी घेऊन आले होते. घरात त्याचा काय उपयोग, असं काकूंनी विचारलं की ते दुधाची पिशवी तोलून दाखवायचे.

मुकादम हा त्यांचा बोका. पिवळा आणि ऐसपैस. घरात कुठेही काम निघालं की जवळ येऊन बसायचा आणि शेवटपर्यंत बघत राहायचा, स्वतः मात्र इकडची काडी तिकडे करायचा नाही, म्हणून मुकादम. काकूंचा त्याच्यावर भारी जीव. मध्यंतरी तो घटाघटा पाणी प्यायला लागला आणि भरपूर खाऊनही वाळत चालला, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, याला मधुमेह आहे. तेव्हापासून त्याला सकाळ-संध्याकाळ खाणं झाल्यावर एक युनिट इन्सुलिनचं इंजेक्शन असे. दुपारी इंजेक्शनचा जोर सगळ्यात जास्त, म्हणून तेव्हा कानाच्या कडेला बारीक सुई टोचून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, तो छोट्या यंत्राच्या पट्टीला लावायचा आणि साखरेचा आकडा बघायचा. खाणं, पाणी, लघवी, वजन, इंजेक्शन, साखर, सगळं फ्रिजवर लावलेल्या तक्त्यात लिहायचं. संध्याकाळी तक्त्याचा फोटो डॉक्टरीणबाईंना आणि त्यावरून त्या डोस ठरवणार. हे सगळं काकू बिनबोभाट करत होत्या.

आता काकूंच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं होतं आणि काकूंना जाणं भाग होतं. इंजेक्शन द्यायचं वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी कबूल केलं होतं. घराची एक किल्लीच त्यांच्याकडे असे. बाकीचं काकांवर आलं, म्हणजे दुपारचं रक्तही काकांवर आलं.

"हे बघा," काकू दारात उभं राहून म्हणाल्या, "तक्त्याचा फोटो मलाही पाठवायचा. दुपारचा रकाना रिकामा दिसला तर मी बहिणीला टेबलावर सोडून निघून येईन. आणि अंदाजाने काही लिहू नका."

"अंदाजाने? मी?" काका इतके दुखावले की त्यांनी काकूंची बॅग खालपर्यंत नेली पण पोचलीस की फोन कर म्हणायचं विसरले.

सकाळ झकास गेली. खाणं तोलून दिलं, पाणी मोजून ठेवलं, वाळूचा डबा साफ केला. वजनाला तर काकांना स्फुरण चढलं. आधी ते एकटेच न्हाणीघरातल्या काट्यावर उभे राहिले, मग मुकादमला काखोटीला मारून उभे राहिले आणि वजाबाकी केली. तक्त्यात वजनाचा एकच रकाना होता. हे त्यांच्या तत्त्वात बसेना, म्हणून पट्टी घेऊन त्यांनी शेजारी आणखी दोन आखले आणि वर लिहिलं 'रिकामी गाडी' आणि 'भरलेली गाडी'. रिकामी गाडी म्हणजे अर्थात काका.

मग दुपार झाली.

मुकादम खिडकीत उन्हाला पडला होता. काकूंनी सांगितल्याप्रमाणे काकांनी कोमट फडक्याने त्याचा कान शेकला. मुकादमने एक डोळा उघडला, काका आहेत असं पाहिलं, अख्खं डोकं त्यांच्या तळहातावर टाकलं आणि तो घुरघुरायला लागला. दुसऱ्या हातात सुई घेऊन काका उभे. एवढा विश्वास टाकून झोपलेल्या जिवाला टोचायचं कसं? त्यांच्याच्याने होईना. शिवाय एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या पोटरीवर मुकादमने काढलेली नक्षी त्यांनी जवळून पाहिली होती. आता माया किती आणि भीती किती, हे तोलायला घरात काटा नव्हता. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हे कोडं उंदरांना पडलं होतं, काकांचं कानापाशी अडलं.

त्यांनी जेवून घेतलं. जेवल्याने धीर येईल असं वाटलं, तो आला नाही. मग साखर घातलेला चहा आणि चार गोड बिस्किटं घेतली, तरी येईना. रकाना रिकामा ठेवावा तर काकू परत येणार. मनाने आकडा लिहावा तर हात झडावा. आकडा पाहिजे, आणि तोही यंत्राने दिलेला.

यंत्राला रक्त लागतं, काका विचार करू लागले. कोणाचं, ते यंत्र कुठे विचारतं?

आणि त्यांनी सुई आपल्याच डाव्या हाताच्या बोटाला टोचली. हूं नाही की चूं नाही, कारण ओरडलं तर मुकादमची झोप मोडली असती. थेंब आला, पट्टीला लावला, यंत्र टुकटुकलं. दोनशे अडुसष्ट.

आकडा मोठा होता. पण काका काही घाबरले नाहीत. आपण ठणठणीत आहोत याबद्दल त्यांची खात्रीच होती. हल्ली तहान जरा जास्त लागते, दुपारी जरा ग्लानी येते, पण ते वयामानाने. त्यांनी हिशेब असा मांडला की यंत्र मांजराचं आहे, ट्रकच्या काट्यावर सायकल चढवली तर काटा बरळणारच. त्यांनी नीट अक्षरात दोनशे अडुसष्ट लिहिलं. आकडा खरा होता, खाडाखोड नव्हती. काट्यावरची गाडी तेवढी दुसरी होती, आणि ते लिहायला तक्त्यात रकाना नव्हता. आजच्यापुरतंच, उद्या नक्की कानाला टोचू, असं म्हणून त्यांनी फोटो पाठवून दिला. दुसऱ्या दिवशीही ते अगदी तसंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. "अहो, त्याला खायला काय घालताय?"

"डब्यातलंच. तोलून."

"मग एवढी साखर कशी? माझ्या हाताखाली दीडशेच्या वर कधी गेली नाही त्याची."

"तुझी आठवण येत असेल त्याला," काका म्हणाले.

"आठवणीने साखर वाढत नाही. चोरून काही देत असाल तर आताच सांगा."

"शपथेवर सांगतो, त्याला काही देत नाही मी," काका म्हणाले, आणि यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

संध्याकाळी इंजेक्शन द्यायला नर्सबाई आल्या. त्यांची नजर टेबलावर गेली. "काका, हा बिस्किटांचा चुरा कोणाचा?"

"माझा."

"तुम्ही खाणार आणि तो समोर बसून नुसता बघणार? मी पुष्कळ पेशंट पाहिलेत काका. सगळ्यांचे घरचे असंच म्हणतात." त्यांनी मुकादमकडे बघून च्च केलं, त्याच्या मानेची कातडी उचलून सुई दिली आणि तक्त्यात लिहून त्या गेल्या. मुकादम हललासुद्धा नाही. नर्सबाईंना सांगून टाकावं, त्यांच्याकडूनच कानाला टोचून घ्यावं, असं काकांच्या मनात येऊन गेलं. पण मग आधीच्या आकड्यांचं काय सांगायचं? एकदा लिहिलेला आकडा काकांनी जन्मात कधी खोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्ता भरताना काकांना इंजेक्शनच्या रकान्यात 'एक'च्या जागी 'दीड' दिसलं. ते जिन्यावर धावले. "बाई, अहो बाई, चुकून दीड लिहिलंत."

"लिहिलं नाही, दिलं," वरून नर्सबाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंनी काकूंना कळवलं, काकूंनी मला. तुमच्याच आकड्यांवरून वाढवलाय डोस. चांगला तक्ता ठेवता हो तुम्ही."

आकडा काकांच्या बोटातून निघून डॉक्टरीणबाईंकडे, तिथून काकूंकडे, तिथून नर्सबाईंकडे आणि तिथून सुईवाटे मुकादमच्या मानेत जाऊन पोचला होता, आणि वाटेत कोणालाच त्यांना विचारायची गरज पडली नव्हती. गरज नसलेलं इन्सुलिन गेलं तर काय होतं, हे त्यांना पाठ होतं. डॉक्टरीणबाईंचा कागद तक्त्याच्या खालीच लावलेला होता. साखर एकदम उतरते, जनावर लटपटतं, बेशुद्ध पडतं, आणि वेळेवर कळलं नाही तर जातं. मुकादम जाईल.

सांगून टाकायला हवं होतं, हे तुम्हाआम्हाला कळतं आणि काकांनाही कळत होतं. त्यांनी फोन हातात घेतलासुद्धा. पण नेमकं आज ऑपरेशन. काकू तिथे दवाखान्याच्या बाकावर जीव मुठीत धरून बसलेली असणार, तिला आता हे सांगायचं? उद्या सांगू. तोवर आज काही झालं तरी मुकादमच्याच कानाला टोचायचं, असा निश्चय करून त्यांनी सुई हातात घेतली. पण चेहऱ्यावरचा निश्चय मुकादमला लांबूनच दिसला. तो कपाटाखाली गेला, आणि काका जमिनीवर पालथे पडून त्याची मनधरणी करत असताना कपाटाखालीच झोपी गेला.

तेव्हा त्या पालथ्या अवस्थेत काकांना तोड सुचली. आकडा वाढला म्हणून डोस वाढला. आकडा उतरला तर डोसही उतरेल. आणि आकडा तर आपलाच आहे. मग तो उतरवणं आपल्याच हातात आहे की!

त्या दिवसाचा आकडाही आपल्याच बोटाचा लिहून झाला आणि लगोलग बिस्किटांचा डबा समोरच्या मास्तरांकडे गेला. चहातली साखर बंद झाली. जेवणात उकडलेल्या भाज्या आल्या, त्याही तोलून. आणि संध्याकाळी काका नोकरीतले जुने बूट चढवून इमारतीच्या भोवती पळायला लागले. मास्तर कठड्याला टेकून बिस्किटं खात होते. निवृत्त शिक्षक, त्यामुळे प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"काय काका, तब्येत बरी आहे ना?"

"माझी उत्तम आहे," काका धापा टाकत म्हणाले. "बोक्याची साखर वाढलीय."

मास्तरांनी काका एक फेरी मारून परत येईपर्यंत विचार केला. "मग पळायला नको का त्याने?"

"तो झोपलाय."

पुढच्या फेरीला मास्तर म्हणाले, "आणि बिस्किटं?"

"तीही त्याच्यासाठीच सोडली."

मास्तरांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी शिकवलेल्या मुलांमध्येही अशी उत्तरं देणारे काही होते, त्यांच्याशी जपून वागावं हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारचा आकडा आला दोनशे बावन्न. काकांना मुकादमला उचलून नाचवावंसं वाटलं, पण तो कपाटाखाली होता. हुरूप येऊन त्यांनी पळण्याच्या फेऱ्या वाढवल्या आणि जेवण आणखी कमी केलं. त्याच्या पुढच्या दिवशी आकडा आला दोनशे ऐंशी. काळजीनेही साखर चढते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि काळजी तर अशी की डोळ्याला डोळा लागेना. मुकादम झोपला की काका नाकाशी चमचा धरून वाफ धरते का बघायचे. पाय हलवला तर झटका आला का, आणि नाही हलवला तर संपला की काय. दर थोड्या वेळाने ते त्याला हलवून उठवायचे. झोपमोड झालेला मुकादम त्यांच्याकडे असा बघायचा की त्यांना वाटावं, याला सगळं कळलंय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

दोनशे ऐंशीचा फोटो गेला तेव्हा त्यांनी मनाशी पक्कं केलं. आता बस्स झालं. काकूंच्या बहिणीची पट्टी सुटली होती, सगळं ठीक होतं. उद्या सकाळी पळून आलो की पहिला फोन काकूंना, दुसरा डॉक्टरीणबाईंना.

ते पळून आले. घामाघूम, पण मन हलकं झालं होतं. फोन घ्यायला फ्रिजपाशी गेले आणि त्यांना तक्ता दिसला. ते खाली पळत असताना नर्सबाई आपल्या किल्लीने आत येऊन, काम उरकून गेल्या होत्या. इंजेक्शनच्या रकान्यात लिहिलं होतं, दोन.

काकांनी फोन उचलला. काकूंचा फोन लागेना, ती गाडीत असेल नाहीतर औषधं आणायला गेली असेल. डॉक्टरीणबाईंचा लावला तर त्या एका कुत्र्याच्या ऑपरेशनमध्ये होत्या. नर्सबाईंच्या दाराला कुलूप. काका मुकादमच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. मुकादम बरा दिसत होता. त्याने वाटी चाटून साफ केली, अंग चाटलं, एक जांभई दिली. आपण उगाच घाबरतो की काय, असं काकांना वाटायला लागलं.

मग तो नेहमीसारखा खिडकीत चढायला गेला आणि त्याला चढता आलं नाही.

त्याने पुन्हा उडी मारली. पुढचे पाय खिडकीला लागले, मागचे आलेच नाहीत, आणि तो धपकन खाली पडला. उठला तर दारू प्यायल्यासारखा झोकांडत भिंतीकडे गेला आणि भिंतीला डोकं टेकून तसाच उभा राहिला. काकांनी त्याला उचललं. एरवी उचलल्याबरोबर अंग ताठ करणारा मुकादम ओल्या फडक्यासारखा त्यांच्या हातावर लोंबला.

त्यांनी पुन्हा फोन लावला. या वेळी डॉक्टरीणबाईंनीच उचलला. काकांनी काय दिसतंय ते जेमतेम सांगितलं.

"आत्ता साखर किती आहे?" त्यांनी विचारलं.

"कोणाची?" काका म्हणाले.

"मुकादमची, काका. आत्ताच्या आत्ता मोजा. मी फोनवर आहे."

सुई, पट्टी, यंत्र. सवयीने सुई काकांच्या डाव्या बोटाकडे निघाली होती, ती त्यांनी वळवली. मुकादमचा कान त्यांनी चिमटीत धरला आणि टोचलं. तो ओरडला नाही, त्याने नखं काढली नाहीत, साधा कानही हलवला नाही. ओरबाडलं असतं तर बरं झालं असतं, असं काकांना जन्मात पहिल्यांदा वाटलं. थेंब पट्टीला लागला.

"शेहेचाळीस."

"काल दोनशे ऐंशी आणि आज शेहेचाळीस? यंत्र बिघडलंय का तुमचं?"

"यंत्र चांगलं आहे," काका म्हणाले. "कालचे दोनशे ऐंशी माझे होते."

"तुमचे म्हणजे?"

"माझे म्हणजे माझ्या बोटाचे. सगळेच. त्याला टोचवेना हो मला."

"आधी मध. घरात मध आहे? बोटावर घ्या, त्याच्या हिरड्यांना चोळा. बोट घशात घालू नका. आणि चोळून झालं की तडक इकडे घेऊन या."

काकांनी मधाची बाटली उघडताना झाकण कुठे फेकलं, ते नंतर कोणालाच सापडलं नाही. ते हिरड्यांना मध चोळत होते आणि तोंडाने "माझ्या राजा, माझ्या शहाण्या, चुकलो रे मी" असं काहीबाही बरळत होते. असं बोलताना त्यांना काकूंनीही कधी ऐकलं नव्हतं. पुन्हा चोळलं, पुन्हा. आणि मग मुकादमने जबडा आवळून काकांचं बोट कडकडून चावलं. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, ते काही बोटासाठी नव्हतं.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. पळायचा सराव झालेलाच होता. अंगावर घामाचे कपडे, टॉवेलात गुंडाळलेला बोका, त्याचं तोंड आणि काकांचे हात मधाने चिकट, अशा अवस्थेत काका आत शिरले तेव्हा रांगेतल्या माणसांनीच काय, कुत्र्यांनीही त्यांना वाट दिली.

मुकादमच्या पायात सलाइन गेलं. थोड्या वेळाने त्याने डोकं उचललं, मग पुढ्यातली वाटी रिकामी केली, मग टेबलावर उठून बसून डॉक्टरीणबाईंचं काम बघायला लागला. त्या यंत्राकडे बघून म्हणाल्या, "एकशे दहा. आला बाहेर. संध्याकाळचं इंजेक्शन द्यायचं नाही, रात्रभर इथेच राहू दे. उद्यापासून परत एक."

काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांना वाटलं, आपल्यालाही कोणीतरी बसायला सांगावं.

डॉक्टरीणबाईंनी फोनवरचे त्या आठवड्यातले फोटो काढले. चिडल्या होत्या आणि चिडायचा त्यांना हक्क होता. "या आकड्यांवर भरवसा ठेवून मी डोस वाढवला, काका. दोनदा. हा गेला असता तर मी जन्मभर डोकं खाजवत बसले असते की माझं काय चुकलं." मग त्या फोटो मोठा करून बघायला लागल्या. "मुकादमचं वजन जिथल्या तिथे आहे. पण ही 'रिकामी गाडी' काय आहे? ती रोज उतरतेय."

"तो मीच," काका म्हणाले.

"तहान लागते फार?"

"वयामानाने."

"हे आकडे एखाद्या मांजराचे असते ना," डॉक्टरीणबाई फोन खाली ठेवत म्हणाल्या, "तर मी त्याला आजच इथे ठेवून घेतलं असतं. मला माणसं तपासता येत नाहीत. तुम्ही इथून उठून सरळ माणसांच्या डॉक्टरांकडे जा."

काका आधी घरी गेले आणि त्यांनी काकूंना फोन लावला. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

"तो जेवला का?" काकूंनी विचारलं.

"जेवला. वाटीभर."

"आणि तुम्ही?"

"नाही."

काकूंनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या दारात उभ्या होत्या. वाटेत उतरून, मुकादमला दवाखान्यातून घेऊनच आल्या होत्या. त्यांनी त्याला खाली सोडलं, बॅग ठेवली आणि मगच तोंड उघडलं.

"माझ्या माघारी तो गेला असता म्हणजे?"

"मला वाटलं, एवढ्याशा जिवाला कशाला दुखवा," काका पुटपुटले.

"दुखवायला नको म्हणून मारायला निघालात."

काकू तणतणत आत गेल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा बाहेर आल्या. "आणि तुमची दोनशे ऐंशी? ती कधीपासून आहे? त्याचा विचार कोणी करायचा?" असं त्यांनी विचारलं, पण या वेळी आवाज मघापेक्षा खालचा होता. माणसांच्या डॉक्टरांनी त्याच दुपारी काकांचं रक्त तपासलं आणि सांगितलं, मांजराच्या यंत्राने बहुतेक बरोबरच सांगितलं होतं. गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं आणि रोज साखर मोजून लिहून ठेवायला सांगितलं. पळणं चालू ठेवा म्हणाले.

आता काकूंच्या पुढ्यात दुपारी दोघं बसतात. पहिल्या दिवशी आधी मुकादमचा नंबर लागला. काकूंनी कान शेकला, टोचलं, थेंब घेतला. मुकादमने शेपटीसुद्धा हलवली नाही. मग काकूंनी नवी सुई घेतली आणि काकांचा हात ओढला. काकांनी आधी डोळे मिटले, मग सुई लागायच्या आत असा काही आवाज काढला की मुकादम कपाटाखाली पळाला आणि समोरचे मास्तर दार वाजवायला आले.

"काकू, फार लागलं का हो बोक्याला?"

"बोका नाही, हे ओरडले," काकू म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मग काकांकडे वळून कमरेवर हात ठेवले. "अख्खा आठवडा रोज स्वतःला टोचून घेत होतात ना? तेव्हा ओरडत होतात का?"

"तेव्हा ते मुकादमसाठी होतं," काका म्हणाले.

काकूंनी थोडा वेळ काकांचा हात नुसताच हातात धरून ठेवला, आणि काका पाघळलेले पाहून तेवढ्यात टोचून घेतलं. मुकादमचा आकडा आला एकशे वीस, काकांचा दोनशे चौदा. काकूंनी दोन्ही लिहिले. मग त्यांनी मुकादमला चुचकारून कपाटाखालून बाहेर काढलं आणि शहाण्यासारखं टोचून घेतल्याबद्दल माशाचा एक तुकडा त्याच्यापुढे ठेवला. तो त्याने मिटक्या मारत खाल्ला.

ते बघून काकांनीही हात पुढे केला.

काकूंनी त्यावर कापसाचा बोळा ठेवला.